नाव न घेता

“म्या न्हाई कुनाचं नाव घेत,” लीदियामावशी म्हणाली आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून तिनं डोळे मिटले.

चटईवर बसलेल्या आम्ही सगळ्या सावध झालो. लीदियामावशी नाव घेत नाही म्हणाली, की कुणाचे तरी धिंडवडे निघणार हे ठरलेलं असे.

“एक घर हाय आपल्या वस्तीत. दोगं भाऊ, दोन सुना. एकीची कूस देवानं उघडली, एकीची अजून न्हाई. आता जिची न्हाई उघडली, तिच्या मनाला काय वाटत आसंल? मानूसच हाय. दुसरीचं लेकरू बघून मन काळं पडतं. म्हनून म्हनलं बायांनो, त्या घरासाठी प्रार्थना करा. सैतानाला आत याया लई मोठी फट लागत न्हाई.”

दोन भाऊ, दोन सुना आणि एकच लेकरू असं घर आमच्या वस्तीत एकच होतं, ते आमचं. डोळे मिटून बसलेल्या बायकांच्या माना नेमक्या माझ्याच बाजूला कशा वळल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी डोळे उघडेच ठेवले होते, म्हणून मला दिसलं.

नेवासे तालुक्यात कालव्याच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती होती. थोडी घरं, मधोमध कौलारू देऊळ, आणि घंटा म्हणून लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की कालव्यापलीकडची माणसंही हातातलं काम ठेवायची. आजही कुठं लोखंडावर लोखंड वाजलं, की माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जातो. आता वस्तीतली निम्मी घरं कुलपात आहेत आणि देवळात स्पीकर आलाय. त्याचा आवाज मोठा आहे, पण त्याला रुळाची सर नाही.

गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थना असे, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. आधी पेटीवर एक गीत, मग विनंत्या. कुणाचं दुखणं, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या नवऱ्याची दारू, जे असेल ते सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. रीत चांगली होती. फक्त लीदियामावशीनं तिच्यातली एक गंमत हेरली होती. चहाडी करणाऱ्या बाईला तोंडावर सांगता येतं, की बाई, मला नको सांगू. पण प्रार्थनेला नाही कोण म्हणणार? त्यामुळे तिच्या सगळ्या बातम्या विनंतीच्या वेशात येत. तिच्या एका विनंतीनं राहेलबाईचं आणि तिच्या सख्ख्या बहिणीचं बोलणं बंद पडलं होतं. दुसऱ्या एका विनंतीनं भजनी मंडळाचे दोन तुकडे झाले होते. तबला एकीकडे गेला आणि पेटी दुसरीकडे.

तशी बाई कामसू. कुणाकडे मयत झालं की सगळ्यांत आधी पोचायची, चूल पेटवायची, रडणारीला पाणी पाजायची. नाताळात तिच्या हातच्या अनारशांना जी जाळी पडायची, ती वस्तीत कुणालाच जमली नाही. म्हणून तर तिचं खरं वाटायचं.

त्या गुरुवारी पाळकबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, नव्हत्या. शेजारच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी आजारी होतं, तिकडे गेल्या होत्या. त्या नसल्या की लीदियामावशीचा सूर जास्त लागायचा. माझी थोरली जाऊ नामी हीही नव्हती. तिचा तिमू दात येत होते म्हणून किरकिरत होता, त्याला घेऊन ती घरी थांबली होती.

प्रार्थना संपली तशी मी कुणाशी न बोलता निघाले. कालव्याच्या पुलाशी लीदियामावशीनं मला गाठलं.

“मार्था, थांब गं माय. तुला वाईट न्हाई ना वाटलं? म्या नाव घेतलं न्हाई.”

“घर कुनाचं ते समद्यांला कळलं, मावशी.”

“कळू दे की. प्रार्थना तर झाली.” तिनं माझा हात हातात घेतला. “आता तुला म्हनून सांगते, बोलू नको कुठं. नामी काय म्हनली ठाव हाय का?”

मी चालत राहायला हवं होतं, पण पाय थांबले. “काय म्हनली?”

“म्हनली, तिमूला तिच्या मांडीवर लई येळ ठेवाया भ्या वाटतं. रिकाम्या मांडीची नजर लागती. म्या म्हनलं, नामी, आपन ख्रिस्ती मानसं, आपल्यात नजर-बिजर न्हाई. पर आईचं काळीज हाय ते. तू मनात धरू नको. तिच्यासाठी प्रार्थना कर.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय, रडली बिचारी.”

लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती आणि माझी मांडी रिकामी होती, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण ती मला कधी रिकामी वाटली नव्हती, कारण तिमू दिवसभर तिथंच असायचा. नामी शेतावर गेली की त्याला न्हाऊ घालणं, निजवणं, त्याला भाताची पेज भरवणं माझ्याकडे होतं. रांगायला लागला तोही माझ्याच ओसरीवर. आणि आता रिकाम्या मांडीची नजर! घरी जाईपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा झाला.

घरी नामी भाकरी थापत होती. तिमू खाली गोधडीवर होता. मला बघताच तो हात पसरून पुढे सरकला. मी त्याला उचललं, तोच नामी पिठाच्या हातानं उठली.

“आन इकडं. दमली आसशील.”

“न्हाई दमले.”

“तरीबी दे.”

तिनं त्याला माझ्याकडून घेतलं आणि एका हाताशी धरून दुसऱ्या हातानं भाकरी उलटली. याच्याआधी तिनं असं कधी केलं नव्हतं. उलट मला बघितलं की ती त्याला माझ्या अंगावर टाकून मोकळी व्हायची. मला वाटलं, हा घ्या पुरावा. संध्याकाळी तिमूनं रांगत येऊन माझं लुगडं धरलं, तेव्हा मी ते सोडवून घेतलं आणि हंडा घेऊन पाण्याला गेले. जाताना मागं वळून बघितलं तर नामी माझ्याकडेच बघत होती.

आल्यावर ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “रविवारी तिमूला कोपरगावच्या वन्सं घेतील. त्यांना निरोप धाडलाय.”

रविवारी तिमूचा बाप्तिस्मा होता. आमच्या घरात एक रीत होती. बाळाला पाळकांच्या हातात आई देत नाही, चुलती देते. आईनं जन्म दिला, आता चुलतीनं मंडळीच्या पदरात घालायचं, अशी सासूबाईंनी घालून दिलेली ती रीत. तिमू झाला तेव्हा नामी बाजेवरून उठायच्या आधीच मला म्हणाली होती, “मार्था, ह्याला तूच द्यायचं.” त्या शब्दासाठी मी माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीचा पदर कापला होता. त्याचं झबलं शिवलं होतं, गळ्याशी बारीक गव्हाची ओंबी भरली होती. ते घडी करून पेटीत ठेवलेलं होतं, आणि आता त्याला वन्सं घेणार होत्या.

जेवणं झाल्यावर नवऱ्याला म्हणाले, “येगळी चूल मांडा. न्हाईतर शनिवारच्या यष्टीनं मला राहुरीला माझ्या बापाकडं पोचवा.”

माझा नवरा शांतवन. नावासारखाच माणूस. त्यानं कारण विचारलं नाही. “दादाशी बोलतो,” एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ पहिल्यांदाच वेगवेगळ्या वाटेनं शेतावर गेले. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मी तडक पाळकांच्या घरी गेले. पाळकबाई, सुगंधाबाई, परतल्या होत्या. देवळाच्या पायरीवर बसून बाप्तिस्म्याचं पितळी घंगाळ चिंचेनं घासत होत्या. बाई नगरच्या मिशन शाळेत शिकलेल्या, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. मला बघून त्यांनी अर्धी चिंच माझ्या हातात दिली.

“ती बाजू तू घे. रविवारी तुमचंच आहे ना बाळ.”

मी घासायला लागले आणि माझा बांध फुटला. “पाळकबाई, नामी म्हनली का...”

“थांब,” त्या म्हणाल्या. “नामीला विचारलंस?”

“काय विचारू? ती...”

“नामीला विचारलंस का, एवढंच सांग.”

“न्हाई.”

“मग मी ऐकणार नाही.”

मला वाटलं, माझे कान खोटं बोलतायत. पाळकबाईंचं काम काय असतं? लोकांचं ऐकून घेणं हेच ना? मी तसं त्यांना म्हणूनही दाखवलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

त्या रागावल्या नाहीत. घंगाळ फिरवत म्हणाल्या, “तू मला सांगशील. मी ऐकेन. उद्या तुमचं दोघींचं जुळेलही. जावा-जावांचं जुळतं. पण मी नामीकडे बघेन तेव्हा मला तुझे शब्द आठवतील. तुझ्या मनातून गेलेलं माझ्या मनात राहील. ते कशाला? येशूनं पायऱ्या सांगून ठेवल्यात, मार्था. आधी दोघंच असताना जाऊन बोलायचं. नाही ऐकलं तर आणखी कुणाला सोबत न्यायचं. त्यानंतर मंडळी. तू तर पहिलीच पायरी चुकवून माझ्या दारात आलीस.”

“आन तिनं माझं तोंडच बघितलं न्हाई तर?”

“तर मला बोलव. मी येईन.”

मी चिंच घंगाळात टाकली आणि उठले. इतका राग आला होता, की चपलाही उलट्या पायांत घातल्या. देवळाच्या कोपऱ्यावर, त्या रुळाच्या लिंबाखाली, लीदियामावशी उभी. जणू माझीच वाट बघत होती.

“काय म्हनल्या पाळकबाई?” ती लगबगीनं पुढे आली. “रडलीस का गं? समदं सांगितलंस का? मंग?”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. खरं सांगते, तोवर मी तिच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. तिचे डोळे नाताळच्या ताटाकडे बघणाऱ्या पोरासारखे लकलकत होते. माझं घर मोडायला आलं होतं आणि त्या डोळ्यांत माझ्यासाठी एक थेंब नव्हता. नुसती भूक होती.

“काय न्हाई, मावशी,” मी म्हणाले. “भांडं घासलं.”

“आसं कसं? सांग की. म्या कुनाला न्हाई सांगत.”

मी चालायला लागले. ती काही पावलं मागून आली. “मार्था, आगं, प्रार्थनेसाठी तरी...” मी वळले नाही.

नामी चुलीपुढे होती. तिमू झोळीत झोपला होता. मी दारातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर माझा धीर सुटला असता.

“आक्का, एक इचारते. खरं सांग. तिमूला माझी नजर लागती आसं तू म्हनलीस का?”

नामीच्या हातातली फुंकणी खाली पडली. “काय?”

“रिकाम्या मांडीची नजर.”

“कुनी सांगितलं तुला?” ती उठून उभी राहिली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “मार्था, माझी जीभ झडंल आसं बोलले तर! तुझ्या मांडीवर वाढलंय ते पोर. तूच म्हनलीस ना, का दुसऱ्याचं लेकरू किती सांभाळायचं, मी काय आया हाय का फुकटची?”

“मी म्हनले?”

“तू. म्हनून तर काढून घेतलं तुझ्याकडनं. म्हनलं, हिच्यावर वझं कशाला. तू काल त्याच्या हातातनं लुगडं सोडवून घेतलंस, तवा मला वाटलं, खरंच हाय ते.”

“म्हनून वन्संना निरोप धाडलास?”

“मंग काय करू? तुला नको आसताना तुझ्या हातात देऊ?” एवढं बोलून ती रडायला लागली. “दोन दिस झाले, मला भाकर ग्वाड लागत न्हाई.”

मी पुढे होऊन तिला धरलं. आता दोघीही रडत होतो. मध्येच मी विचारलं, “आक्का, तुला कुनी सांगितलं?” आणि तिनं तोंडावर पदर धरून म्हटलं, “तुझ्यासाठी प्रार्थना कर म्हनली.”

“मलाबी तेच.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला, की काय सांगू. एवढ्यात तिमू जागा होऊन रडायला लागला. मी थांबले, म्हटलं आई आहे, ती घेईल. ती थांबली, तिला वाटलं, ही घेते का बघू. पोर बिचारं कोकलतंय आणि दोन बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतायत. शेवटी नामी ओरडली, “घे की गं बाई त्याला!” आणि मी धावले. त्याच्या केसांना दुधाचा वास येत होता. मी तिथंच मटकन खाली बसले आणि त्याला मांडीवर घेतलं.

“आता तिच्या झिंज्या उपटते,” मी म्हणाले.

“येगळ्या येगळ्या न्हाई. एक बाजू तू धर, एक मी.”

तशाच तिमूला काखेत मारून आम्ही पाळकबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हाला एकत्र येताना बघितलं आणि काही न विचारता चुलीवर दूध ठेवलं. “आता ऐकते,” म्हणाल्या.

आम्ही दोघी एकदमच बोलत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हणाले, “देवळाच्या दारात उभी करून समद्यांसमोर तिची अब्रू काढते. तिलाबी कळू दे.”

त्याच वेळी दूध उतू जायला आलं. पाळकबाईंनी पाणी मारलं नाही की भांडं उतरवलं नाही. हात घालून चुलीतलं जळतं लाकूड मागं ओढलं. जाळ बसला आणि दूध खाली गेलं.

“एवढंच करायचं,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर ओरडाल तर घरभर धूर होईल, आणि त्या धुरात सगळ्यांत आधी हे बाळ गुदमरेल. आपलं लाकूड तेवढं काढून घ्यायचं.”

“आपलं कसलं लाकूड?” नामीनं विचारलं.

“तुमचं ‘मंग?’,” त्या म्हणाल्या. “ती एक वाक्य बोलते आणि थांबते. पुढचं वाक्य तुम्ही मागता, म्हणून ते येतं.”

मला पुलावरचा माझाच आवाज आठवला. मी मान खाली घातली.

“पण तिला सांगायचंच नाही असं नाही,” पाळकबाई पुढे म्हणाल्या. “मी एकटी जाऊन दोनदा सांगून आले. राहेलच्या वेळी एकदा, भजनी मंडळाच्या वेळी एकदा. दोन्ही वेळा तिनं मला चहा पाजला आणि म्हणाली, मी प्रार्थनाच तर करते. आता एकटं जायचं नाही. उद्या तुम्ही दोघी चला. पण तिथं शिवी निघता कामा नये. निघणार असेल तर मार्था, तू घरी बस.”

“न्हाई निघनार,” मी म्हणाले. त्यासाठी मला किती कष्ट पडणार होते ते माझं मला माहीत.

लीदियामावशीच्या घरी मी शनिवारी पहिल्यांदा आत गेले. एरवी तीच सगळ्यांकडे यायची, तिच्याकडे कोण जायचं? सारवलेलं स्वच्छ घर. दोन्ही मुलगे मुंबईला, भिंतीवर त्यांचे फोटो. भांडी मांडणीवर उलटी घातलेली, आणि वापरातलं म्हणाल तर एक ताट, एक तांब्या. पाळकबाई चटईवर बसल्या. आम्ही त्यांच्या दोन्ही बाजूंना. तिमू माझ्या मांडीवर होता.

“मावशी,” पाळकबाई म्हणाल्या, “तुम्ही गुरुवारी एका घरासाठी प्रार्थना मागितलीत. मी नव्हते. म्हणून आज ते घरच घेऊन आलेय. चला, करू या. जे नाव न घेता मागितलंत, तेच त्यांच्यासमोर नाव घेऊन मागा.”

लीदियामावशीनं सवयीनं पदर पुढे ओढला, डोळे मिटले. “हे आमच्या स्वर्गीय बापा,” तिनं सुरुवात केली. मग थांबली. पुन्हा म्हणाली, “हे बापा...” बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, त्यांचा आवाज येत राहिला. पुढचं वाक्य कुणीच मागितलं नाही. तिचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता.

तिनं डोळे उघडले. “म्या काय वाईट सांगितलं? प्रार्थनाच तर...” ती माझ्याकडे बघत होती, म्हणून ते वाक्यही तिला पुरं करता आलं नाही.

“यापुढं असं करू,” पाळकबाई शांतपणे म्हणाल्या. “कुणासाठी विनंती आणायची असेल तर त्या बाईला हाताला धरून आणा. तिच्यासमोर मागा, आम्ही सगळ्या गुडघे टेकू. एकट्या आणाल तर आम्ही ऐकणार नाही. आणि तुमची स्वतःची विनंती असेल तर ती आधी. तुमच्यासाठी आम्ही कधी प्रार्थनाच केली नाही, मावशी. तुम्ही कधी मागितलीच नाहीत.”

मावशीनं भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. “मला कशाला?” ती म्हणाली. “माझं समदं बरं हाय.”

बाहेर आल्यावर नामी म्हणाली, “माफी मागितली न्हाई तिनं.”

“तिला माफी मागायला लावायला मी नव्हते आले,” पाळकबाई म्हणाल्या.

मला ते तेव्हा पटलं नाही. मला वाटत होतं, तिनं रडावं, माझे पाय धरावेत.

रविवारी रूळ वाजला. वन्सं कोपरगावाहून आल्या होत्या, त्यांना नामीनं काय सांगितलं देव जाणे, त्या हसून मागच्या चटईवर बसल्या. तिमूच्या अंगात माझ्या साडीचं झबलं होतं, ओंबीचा गळा त्यानं चघळून ओला केला होता. दोघं भाऊ एका बाकावर होते. नामीनं मला कोपरानं ढोसलं, “ऊठ की.” मी त्याला घेऊन पुढे गेले. ते पितळी घंगाळ इतकं लख्ख होतं, की त्यात मला माझं आणि त्याचं तोंड एकत्र दिसलं. मी त्याला पाळकांच्या हातात दिलं, त्याचं नाव तीमथ्य पडलं, पाणी पडताच त्यानं टाहो फोडला आणि पाळकांच्या हातातून वळून माझ्याकडेच झेप घेतली. सगळी मंडळी हसली. शेवटच्या ओळीत लीदियामावशी होती. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही.

ती सुधारली असं कुणी समजू नये. पुढच्याच गुरुवारी, पाळकबाई नसताना, तिनं पदर ओढला. “म्या न्हाई कुनाचं नाव घेत. एक घर हाय...” मी नामीकडे बघितलं. नामीनं राहेलबाईकडे. मावशी थांबली, वाट बघितली. कुणी हूं म्हटलं नाही. कुणी मानेनंही विचारलं नाही. ती म्हणाली, “तर त्या घरासाठी... प्रार्थना करा.” आम्ही केली. घर कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ती किती तरी महिने गुरुवारची येईना. आम्ही तिच्याशी भांडलो नाही, पण तिच्या ओसरीवर बसायलाही गेलो नाही. नाताळात फराळाचं ताट मात्र आठवणीनं पाठवलं, आणि तिचे अनारसे आमच्याकडे आले. राहेलबाई आणि तिची बहीण त्या नाताळात बोलल्या. तबला पेटीकडे परत आला. आम्ही देवळापुढं कंदील टांगून पहाटेपर्यंत भजनं म्हटली. तशी भजनं मी पुन्हा ऐकली नाहीत.

मावशी म्हातारपणी अंथरुणाला खिळली. मुलगे यायचे आणि जायचे. जेवण आम्हीच आळीपाळीनं न्यायचो. एकदा मी तिला पेज भरवत होते. तिनं माझा हात धरला, इकडंतिकडं बघितलं, डोळे तसेच लकलकले. “मार्था, आता तुला म्हनून सांगते...”

मी चमचा तसाच धरून ठेवला. तोंडातून एक शब्द काढला नाही.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उशीवर डोकं टेकलं. “ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “पेज बरी झालीया.” मग तिनं तोंड उघडलं आणि उरलेली पेज खाल्ली. आमचा जो काही समेट झाला तो तेवढाच. मला तो पुरला.

माझी कूस देवानं पुढंही उघडली नाही. तिमू आता पन्नाशीला आलाय. मला धाकटी आई म्हणतो. शांतवन गेला तेव्हा मला हाताला धरून स्वतःच्या घरी त्यानंच आणलं. मागच्या वर्षी त्याच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. रीतीनं तिला तिच्या चुलतीनं दिलं, आणि अंगात झबलं ते जुनंच होतं, पिवळं पडलेलं. मी पुढच्या बाकावर बसून बघत होते आणि मला त्या शनिवारची यष्टी आठवत होती. मी तिच्यात बसले असते तर देवानं दिलेलं हे एवढं एक लेकरूही माझं उरलं नसतं. एका बाईच्या दोन वाक्यांवर मी ते सोडून चालले होते.

मावशीची एक नात आमच्या मंडळीत लग्न होऊन आली आहे. गुरुवारच्या प्रार्थनेत माझ्या शेजारी बसते. गोड पोर आहे. मागं एकदा प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, “आजी, तुम्ही माझ्या आजीला बघितलंय ना? कशी होती हो? मी विचारलं की सगळे गप्प होतात.”

तिमूची बायको पलीकडे चटया गुंडाळत होती, तिचेही कान टवकारले. मला शब्दन् शब्द आठवत होता. रिकामी मांडी, फुकटची आया, सगळं.

“तिच्या हातच्या अनारशांसारखी जाळी कुणाला जमली न्हाई,” मी म्हणाले. “आन मयताच्या घरी पहिली चूल तीच पेटवायची.”

“मग?” नात म्हणाली.

“मंग काय न्हाई. चल, चटया उचलू लाग.”

आता तुम्ही म्हणाल, तिला नाही सांगितलं आणि आम्हाला मात्र सगळं सांगितलं. तर एक ऐका. या गोष्टीतली माझी, नामीची, शांतवनची, तिमूची, पाळकबाईंची नावं खरी आहेत. लीदिया हे तिचं नाव नव्हतं. आणि ते अनारसेही नव्हते.